अक्का असं करणार न्हाय

खेळणाऱ्याच्या खांद्यावरून बघत बसायचं, हा माझा धंदा होता. राजारामपुरीच्या एका बोळात आमचं गेम पार्लर होतं. त्याआधी तिथंच आमचं इंटरनेट कॅफे होतं. दुकान नवऱ्याच्या नावावर, पण ते फौंड्रीत नोकरीला, त्यामुळं गल्ल्यावर बसायची मी. घरोघरी इंटरनेट आलं तसं कॅफे ओस पडलं आणि आम्ही दणकट कॉम्प्युटर घेऊन गेमकडं वळलो. गेल्या वर्षी तेही बंद केलं. आता ज्याचा त्याचा खेळ ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. शेजारच्या खुर्चीवरच्याला कोपरानं ढोसून "बघ की, कसला डोंगर हाय" म्हणायची गरज कुणाला उरली नाही. मला मात्र ते ढोसणंच जास्त आठवतं.

आमच्या भिशीतल्या बायकांना मी नेमकं काय करते ते शेवटपर्यंत कळलं नाही. "पोरं बिघडवायचं दुकान," असं एकीनं तोंडावर सांगितलं. मला राग आला नाही. सुरुवातीला माझंही मत फार वेगळं नव्हतं. बंदुका, गाड्या, आरडाओरडा. मी कानात कापूस घालून स्वेटर विणत बसायची.

मग एक निराळ्याच जातीचा गेम आला. पोरं त्याला ओपन वर्ल्ड म्हणायची. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. त्यात एक अख्खा मुलूख असतो. नद्या, खेडी, बाजार, पडके किल्ले, जादूगार, राक्षस. सुरुवातीलाच तुम्हाला एक माणूस बनवायला देतात. बाई की बाप्या, नाक कसं, हनुवटी कशी, अंगानं किती. मग त्या माणसाला मुलखात सोडून देतात. वाटेत कोणीतरी भेटून "अमक्याला मारून ये, तमकं शोधून आण" असं काम सांगतं, त्याला मिशन म्हणतात. पण केलंच पाहिजे असं काही नाही. राक्षस तसाच ठेवून तुम्ही नदीवर मासे धरत बसलात तरी कोणी विचारत नाही.

हा गेम खेळणाऱ्यांत दोन तऱ्हा असायच्या. काहीजण तो संपवायला यायचे. काहीजण मात्र त्यात राहायला यायचे, आणि माझं लक्ष त्यांच्याकडंच जायचं. गेममधल्या खेडेगावात शिरताना ती पोरं धावत नसत, सावकाश चालत. गेममध्ये पाऊस आला की खरोखर छपराखाली जाऊन उभी राहत. खरं तर त्या पावसानं काहीच होत नाही. एका ठिकाणाहून दुसरीकडं क्षणात जायची सोय असते, ती वापरत नसत. "माझा माणूस तसं करणार न्हाय," एवढंच कारण. मी विचारायची, "अरे, तुझा माणूस म्हणजे तूच की." त्यावर पोरं माझ्याकडं असं बघायची, जसं काही मलाच कळत नाही. आणि मला खरंच कळत नव्हतं.

विश्वास नावाचा एक पैलवान यायचा. शाहूवाडीचा, इथल्या तालमीत राहणारा, कान मोडलेले, खुर्चीत मावायचा नाही. त्यानं गेममध्ये माणूस बनवला तो काडीसारखा, पाला विकणारा वैद्य. लांडगा दिसला की त्याचा वैद्य पळत सुटायचा. बाकीची पोरं हसून लोळायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "काकू, दिवसभर अंगावर घेतोयच की. हितं तरी पळून जाऊ दे."

आणि एक एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, आजऱ्याच्या गाडीवर उभा जन्म काढलेले. त्यांना सगळे मामा म्हणायचे. काहीतरी प्रिंट काढायला आले आणि पडद्यासमोर थबकले.

"तो डोंगर दिसतोय, तिथं जाता येतंय?"

"येतं की. दिसतं तिथं सगळीकडं जाता येतं."

"कुणाला न विचारता?"

दुसऱ्या दिवसापासून मामा येऊ लागले. मिशन सांगणारा कोणी दिसला की वाट बदलायचे. "ड्यूटी लावायला आलाय बघा," म्हणायचे, आणि सरळ रानात शिरायचे.

गिरिजा अशीच प्रिंटच्या निमित्तानं आली. चाळिशीच्या आतबाहेरची, गुळाच्या व्यापाऱ्याच्या घरातली सून, गळ्यात लिंगायत बायका घालतात ती लिंगाची चांदीची पेटी, बोलणं खालच्या आवाजात. प्रिंटर अडकला होता म्हणून तिला बसवलं. समोर विश्वासचा वैद्य नदीकाठानं चालला होता.

"ही नदी कुठली हो, ताई?"

"कुठलीच नाही. गेममधली आहे."

"उतरता येतंय त्यात?"

"पोहतासुद्धा येतं."

तिनं खुर्ची पडद्याजवळ ओढली. प्रिंट घेऊन गेली आणि आठवड्यानं दुपारी परत आली. दुकानात त्या वेळेला कोणी नसायचं. मला म्हणाली, "मला एक बाई बनवून द्या."

नुसता चेहरा करायला तिला अख्खी दुपार लागली. नाक जरा फेंदारलेलं. भुवया जवळ. हनुवटीवर व्रण. मला वाटलं, बाई स्वतःचाच चेहरा बनवतेय. पण तिची हनुवटी तर साफ होती. नावाच्या चौकटीत तिनं इंग्रजीत टाईप केलं, अक्का.

"अक्का म्हणजे?"

"आमच्यात थोरल्या बहिणीला म्हणत्यात," ती म्हणाली. गडहिंग्लजच्या पलीकडं, सीमेजवळ तिचं माहेर. घरात कानडी, बाहेर मराठी.

पुढं दुपारमागून दुपार तिची अक्का मुलूख हिंडत राहिली. ही अक्का मोठी धीट होती. वेशीवरच्या शिपायानं हटकलं की उलट बोलायची. भिकाऱ्याला द्यायची, सावकाराशी भांडायची. गिरिजा स्वतः मला सुट्टे मागतानाही लाजायची. एकदा शिपायाशी बोलताना तिच्या हातून मवाळ उत्तर निवडलं गेलं. शिपायानं तिला जाऊ दिलं, काम झालं होतं. तरी ती थांबली आणि मागची सेव्ह केलेली जागा उघडून सगळा रस्ता परत चालून त्याच शिपायासमोर आली.

"अगं, झालं होतं की काम!"

"नव्हं ताई. मी बोलतो तसं झालं ते. अक्का असं करणार न्हाय."

आमच्या भागात बायकाही "मी बोलतो, मी जातो" असंच म्हणतात, बाहेरच्या वाचकांनी दचकू नये. या वेळी अक्का शिपायाला फाडकन बोलली, शिपायानं तलवार काढली, आणि गिरिजा जीव घेऊन पळता पळता इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

अक्काची गोष्ट तिनं मला एकदम सांगितली नाही. नदी लागली की थोडी थोडी सांगायची. माहेरी गावाखाली नदी होती. थोरली पुलावरून उडी मारायची. "मी काठावर तिची कापडं धरून बसायचो. कुणी आलं तर हाक मारायची, एवढंच माझं काम." गिरिजा शाळेत असताना या थोरलीनं, महादेवीनं, दुसऱ्या जातीतल्या मुलाशी लग्न केलं. हुपरीचा, चांदीचं काम करणारा मुलगा. वडिलांनी तिचं नाव घरात घ्यायचं नाही असं सांगितलं, आणि ते वारल्यावरही ते कोणी घेतलं नाही. गिरिजाचं लग्न ठरताना सासरच्यांना सांगितलं गेलं, आम्हाला एक मुलगी आणि एक मुलगा. त्या घरात तिला कधी बहीण नव्हतीच. नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

"मग आता घरी काय सांगून येतेस?" मी विचारलं.

"कॉम्प्युटर शिकतोय म्हणून."

तोवर मला वाटायचं, माणसं गेममध्ये स्वतःला मिळालं नाही ते मिळवायला जातात. पैलवानाला पळायचं होतं, मामांना वाट सोडायची होती. गिरिजाचं तसं नव्हतं. ती त्या मुलखात स्वतःसाठी काही शोधत नव्हती. तिला अक्का पुढं कशी जगली असेल ते बघायचं होतं, आणि ते कळायला अक्का होऊन चालण्यावाचून दुसरा रस्ता तिच्याकडं नव्हता. एकदा मीही माणूस बनवायला बसले. नाकापाशीच अडकले. मला कोण व्हायचं आहे तेच मला ठरवता येईना, आणि मी उठून प्रिंटर पुसायला लागले.

मग ते मिशन आलं. गेममधल्या एका गावच्या जमीनदारानं अक्काला गाठलं. त्याची मुलगी कुणाबरोबर तरी पळून गेली होती, तिला शोधायचं होतं. गिरिजानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. मला वाटलं, सोडून देईल. पण ती रानं तुडवत त्या मुलीच्या मागावर निघाली. तळ्याकाठच्या एका पिठाच्या चक्कीत ती मुलगी सापडली. तिनं अक्काला बघितलं, घाबरली नाही, फक्त एक प्रश्न विचारला. तो इंग्रजीत पडद्यावर उमटला. गिरिजानं वाचला, तरी मला म्हणाली, "ताई, वाचा."

मी वाचलं. "घरी माझं नाव काढतात का, असं विचारतेय." खाली उत्तरं होती, त्यातलं एक निवडायचं. हो, रोज काढतात. नाही, कोणी काढत नाही. मला माहीत नाही.

गिरिजाचा हात माऊसवरून खाली आला.

"अक्का काय सांगंल ह्याला?"

"तुलाच ठाऊक. इतके दिवस तूच सांगतेस की."

"अक्काला कसं ठाऊक असंल, ताई? तिलाच तर हे कुणी सांगिटलेलं न्हाय." ती उठली आणि छत्री तिथंच टाकून गेली. पडद्यावर ती मुलगी उत्तराची वाट बघत उभी होती, मधूनच या पायावरून त्या पायावर भार टाकत. मी गेम सेव्ह केला आणि कॉम्प्युटर बंद केला.

नंतर बरेच दिवस ती फिरकली नाही. माझ्याकडं तिचा फोन नंबरही नव्हता. दुपारी दार वाजलं की मी मान वर करायची. मामांनीही एकदा विचारलं, "ती नदीवाली पोरगी येत न्हाय?"

एका मंगळवारी ती आली. आत आली नाही, दारातूनच म्हणाली, "माझ्याबरोबर हुपरीला येता?"

मी शटर ओढलं. स्टँडवरून हुपरीची गाडी धरली. वाटेत ती नुसती खिडकीचा गज धरून बसली. पत्ता असा नव्हताच. दिलीप हे मेव्हण्याचं नाव आणि चांदीचं काम, एवढ्यावर आम्ही निघालो होतो, आणि हुपरीत चांदीचं काम घरोघरी. चहाच्या गाड्यावर विचारलं तर तिथला म्हातारा म्हणाला, "कुठल्या दिलीपकडं पावणं? हितं दिलीप पन्नास हाईत."

गिरिजा हळूच म्हणाली, "त्यांची बायकू कानडी हाय."

"मग सांगा की तसं! कानडी वहिनींच्यात व्हय? ते काय, निळ्या दाराचं."

निळ्या दाराच्या आत, पुढच्याच खोलीत, एक बाई खाली बसून गॅसच्या बारक्या ज्योतीवर पैंजणाच्या कड्या जोडत होती. अंगानं सुटलेली, केस पिकलेले, डोळ्यांवर जाड चष्मा. गिरिजानं पडद्यावर जी बनवली होती तिच्याशी हिचं काही जुळत नव्हतं. मला वाटलं, घर चुकलं. मग त्या बाईनं ज्योत बारीक करून मान वर केली आणि हनुवटीवरचा व्रण दिसला.

तिनं हातातलं पैंजण खाली ठेवलं. मग म्हणाली, "तंगी?" धाकट्या बहिणीला कानडीत तंगी म्हणतात, एवढं मला समजत होतं. पुढचं समजलं नाही, आणि समजण्यासारखे ते शब्दही नव्हते. दोघी एकमेकींचे दंड धरून बसल्या होत्या. मी बाहेर पायरीवर जाऊन बसले.

चहा घ्यायला मला आत बोलावलं तेव्हा अक्का डोळे पुसत मराठीत म्हणाली, "ही काय म्हणतीया बघा तरी. म्हणं मला हिनं लई लांब फिरवून आणलंय."

"आणलंय की," गिरिजा म्हणाली. "डोंगर, बर्फ, समुद्र. शिपायास्नी बडवलंयस तू."

"मी?" अक्का हसली. "अगं, मी कोल्हापूरच्या पुढं गेल्याली न्हाय. लग्न झालं आणि ह्या ज्योतीपुढं बसलो, तो हितंच हाय." मग म्हणाली, "मला बी दाव की."

पुढच्याच आठवड्यात अक्का माल पोचवायच्या निमित्तानं कोल्हापूरला आली आणि दुकानात येऊन बसली. गिरिजानं गेम लावला. पडद्यावर उंच, सडसडीत बाई तळ्याकाठी उभी राहिली.

"ही मी?"

"व्हय."

"नाक तेवढं बराबर हाय," अक्का म्हणाली.

समोर चक्कीतली ती मुलगी होती, आणि प्रश्नही तसाच होता. गिरिजानं अक्काला तो वाचून दाखवला, उत्तरं सांगितली. मग स्वतःच माऊस घेतला आणि पहिलं उत्तर निवडलं, हो, रोज काढतात. अक्कानं चष्मा काढून पदरानं पुसला, जरा जास्तच वेळ पुसला.

त्यानंतर अक्का महिन्यातून एकदोनदा यायची आणि माऊस हळूहळू तिच्या हातात गेला. इथून पुढं आमच्या दुकानात दर खेपेला भांडणं सुरू झाली. कारण ही खरी अक्का गेममधल्या अक्काला कुठं जाऊच देईना. तिनं तिला एका खेड्यात नेलं, तिथं एक लहानसं घर मिळवलं, भाकऱ्या भाजायला लावल्या. शिपाई दिसला की नमस्कार घालायची आणि बाजूनं निघून जायची. गिरिजाला ते सहन होईना.

"भांड की त्येच्यासंगं! गप का बसलीयास? अक्का असं करणार न्हाय!"

"अगं येडे, अक्का मी हाय."

विश्वाससुद्धा हेडफोन काढून हसायला लागला. गिरिजाही हसली, पण मी तिच्याकडं बघत होते. तिला काहीतरी लागलं होतं. इतकी वर्षं पुलावरून उडी मारणारी एक मुलगी तिनं मनात जपून ठेवली होती, आणि ती मुलगी शेजारच्या खुर्चीवर बसून सावकाश भाकरी उलटत होती. त्या दिवशी अक्का गेल्यावर गिरिजानं एकटीनं गेम उघडला, अक्काला नदीवर नेलं आणि उंच कड्यावरून उडी मारायला लावली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. मग परत त्या खेड्यातल्या घरात नेऊन ठेवलं.

घरी तिनं बहिणीचं सांगून टाकलं. नवऱ्यानं काही दिवस अबोला धरला. मग एका सकाळी त्यानंच स्कूटर काढली, तिला हुपरीला नेलं, आणि स्वतः आत न जाता निळ्या दाराबाहेर उभं राहून चहा प्याला. पुढच्या खेपेला आत जाऊन बसला. भावानं मात्र फोनच ठेवला. म्हातारी आई भावाकडंच असते. तिला गिरिजानं शेजारणीच्या फोनवरून गाठलं. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पोरं किती तिला?" दोन, असं सांगितल्यावर तिनं बरं म्हटलं. त्यापुढं काही नाही.

दुकान बंद केलं तेव्हा सगळे कॉम्प्युटर विकले, एक तेवढा घरी आणला. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आहे. विश्वास आता गावाकडं शेती बघतो, मामा मुलाकडं पुण्याला गेले. दोघी बहिणी मात्र येतात. गिरिजानं आता स्वतःसाठी निराळी बाई बनवलीय, स्वतःच्या चेहऱ्याची. ती फार लांब जात नाही, पण शिपायांना फाडकन बोलते. एका वेळी एकीलाच खेळता येतं, त्यामुळं माऊसवरून ओढाओढ चालते, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकते.

गेल्या महिन्यात अक्का एकटीच आली होती. चहा घेऊन मी तिच्या मागं उभी राहिले, जुन्या सवयीनं. गेममध्ये संध्याकाळ झाली होती. तिनं चूल पेटवली, कंदील लावला, आणि जाऊन घराचं दार उघडं टाकलं. मग त्या बाईला दाराच्या समोर, बाहेर बघत बसवून ठेवलं. रानातून लांडग्यांचं ओरडणं ऐकू येत होतं.

"अहो, दार लावा की," मी म्हटलं. "रात्रीचं काहीतरी शिरेल आत."

"असू दे, ताई."

"कोण यायचं आहे का?"

"अव्वा," ती म्हणाली. आईला त्यांच्यात अव्वा म्हणतात. "वाट तिला ठाऊक न्हाय. उजेड दिसला तर यील."

मी चहाचा कप तिच्या हाताशी ठेवला आणि शेजारची खुर्ची ओढून बसले. बराच वेळ आम्ही दोघी त्या दाराकडं बघत होतो.